डोळ्याचा धागा

सुवर्णा कबाडेच्या हाताखालून गेलेल्या कापडात गाठ राहिली, असं इचलकरंजीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. मेंडिंगच्या टेबलावर ती पंधरा वर्षं बसली. मागावरून उतरलेलं कोरं कापड उजेडावर धरायचं, गाठ दिसली की चिमट्यानं उचलायची, आणि नखानं सूत असं सारखं करायचं की इथं गाठ होती हे कापडालाही आठवू नये. मग माग भंगारात गेले. ज्या शेडमध्ये शंभर मागांचा खडखडाट चालायचा तिथं गार हवा आली, संगणक आले, आणि मेंडिंगच्या चाळीस बायांना नवं काम मिळालं. गाठी तशाच काढायच्या. पण कापडातल्या नाहीत, माणसाच्या मेंदूच्या लहरींतल्या.

बेशुद्ध पडलेला माणूस आतून जागा आहे की नाही हे ठरवायला सरकारनं जाणीव-दाखला काढला होता. डोक्याला बत्तीस तारा लावायच्या आणि कानात आवाज सोडायचा: उजवी मूठ आवळल्याची कल्पना करा, आता सोडा. अंग हलत नसलं तरी जागा माणूस मनातल्या मनात मूठ आवळतो, आणि आवळली की मेंदूच्या डाव्या बाजूची लहर जराशी दबते. तेवढं दिसलं की माणूस आत आहे. तीन चाचण्यांत दिसलं नाही, तर कागदावर एकच शब्द येई: रिकामा. मग श्वासाचं यंत्र काढून दुसऱ्याला लावायचे. यंत्रं थोडी आणि पडलेली माणसं फार, त्याला कोण काय करणार.

पण मेंदूची लहर फार बारीक, आणि तिच्यावर सगळ्यात मोठा दरोडा घालतो तो डोळा. डोळा म्हणजे विजेचा एक लहानसा सेलच. पुढची बाजू धन, मागची ऋण. बुबुळ वर गेलं की कपाळावरच्या तारेतली रेघ उसळते, खाली गेलं की बुडते, आणि ती उसळी मेंदूच्या लहरीच्या दहापट असते. पापण्या मिटल्या तरी आतला गोळा फिरतोच. मुंगीचं चालणं ऐकायला बसावं आणि शेजारी कुणी उखळात मुसळ घालावं, तशी गत. म्हणून संगणक त्या बत्तीस तारांचा पीळ उलगडून बत्तीस सुटे धागे करी. त्यांत डोळ्याचे धागे कुठले ते ओळखून बाईनं उपसायचे, उरलेल्यांना पुन्हा पीळ घालायचा आणि खाली सही करायची. शेडमध्ये याला सगळे धुणं म्हणत. उपसलेले धागे 'गाळ' नावाच्या कप्प्यात पडत आणि एकवीस दिवसांनी आपोआप पुसले जात. गाळात कुणी डोकावत नसे. घाण बघायला कुणाला सवड असते?

सहा वर्षांत सुवर्णानं अकराशेवर माणसं धुतली होती. आता तिचा नवरा पडला होता.

मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, गोदामात सुताची पोती रचता रचता कोसळला. मेंदूच्या देठात गुठळी अडकली. इस्पितळात त्याला यंत्रावर ठेवलं. पापण्या लुळ्या पडल्या होत्या, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून डोळ्यांत मलम घातलं आणि वरून पट्टी लावली. पट्टीला हात लावू नका, असं सिस्टरनं सांगितलं; आणि सुवर्णा सांगितलेलं ऐकणारी बाई. भरतीच्या वेळी तिनं एवढंच म्हटलं होतं, "ह्यांना जरा कमी ऐकू येतं." तिथल्या माणसानं मान डोलवून चाचणीचा आवाज दोन घरं वाढवला. पंचवीस वर्षं मागांमध्ये काढलेल्या कानाला दोन घरांनी काय होतं!

कानानं ऐकण्याची सवय तशी त्या शेडमध्ये कुणालाच नव्हती. शंभर माग चालू असले की कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून मागवाले डोळ्यांनी बोलत. प्रत्येकाला एक खूण असे. सुवर्णाची खूण होती दोनदा चटकन वर, मग एकदा सावकाश खाली. तीनदा भराभर खाली म्हणजे 'ये'. वर नेऊन धरायचे आणि मग एकदम खाली सोडायचे म्हणजे 'माग बंद कर'. एकदा खाली नेऊन खालीच ठेवायचे म्हणजे 'मालक आला, मुंडी घालून काम करा'. सुवर्णा मेंडिंगला येण्याआधी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला होती, आणि मल्लूनं तिला लग्नाचं विचारलं ते चार मागांपलीकडून, डोळ्यांनी. ती हो म्हणाली तीही तशीच. शेडमधल्या सगळ्यांनी वाचलं. तिच्या बापाला मात्र आठ दिवसांनी कळलं.

मल्लूच्या दोन चाचण्या झाल्या, दोन्ही रिकाम्या निघाल्या. तिसरी आली तेव्हा सुवर्णा मुबारक मुजावरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मुबारक पूर्वी याच शेडचा जॉबर. बिघडलेला माग त्याचा हात लागला की चालू व्हायचा. आता देखरेखीला होता. कान त्याचेही मागांनी अर्धे खाल्ले होते.

"भाई, तिसरी फाइल माझ्याकडं टाका."

"घरच्याची फाइल घरच्याला द्यायची न्हाई. नियम हाय, ताई."

"पहिल्या दोन कुणी धुतल्या?"

"नव्या पोरींनी."

"घाण किती राहिली?"

"एकीत आठ टक्के. दुसरीत नऊ." आणि लगेच म्हणाला, "दहाच्या आत हाय की."

"कापड असतं तर माझ्या तोंडावर फेकला असता तागा. आठ टक्के घाणीत मूठ दिसंल काय कुणाची?"

"तुमचा हात थरथरंल."

"बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी टेबलावर बसलेली. तुम्हीच चहा पाजला हुता."

मुबारकनं एकदा दाराकडं बघितलं. मग त्यानं दुसऱ्या बाईच्या नावावर फाइल चढवली आणि सुवर्णाच्या टेबलावर उघडून दिली.

तिनं पदर खोचला. बत्तीस धागे समोर पसरले. एवढी घाण तिनं कधी पाहिली नव्हती. पडलेल्या माणसाचे डोळे पाण्यात टाकलेल्या भोपळ्यासारखे संथ डोलतात; हा धागा उड्या मारत होता. उसळी, उसळी, मग लांब उतार. पुन्हा तेच. मध्येच खालच्या बाजूला दाताळ्यासारखे तीन दात. डोळ्याच्या आडव्या हालचालीचा धागा सपाट, जे काही होतं ते सगळं वर-खाली हालचालीच्या धाग्यात. बिचाऱ्याचे डोळे किती वळतायत, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ओठ आवळून कामाला सुरुवात केली. दुसरी बाई असती तर एक धागा उपसून मोकळी झाली असती. सुवर्णानं त्याच धाग्याचा अंश दुसऱ्या नऊ धाग्यांत मुरला होता तोही वेचला. चार तास ती जागची उठली नाही. शेवटी घाण राहिली अर्धा टक्का.

मुबारकनं आकडा बघून कानाला हात लावला. "असं धुणं या शेडमध्ये झालं न्हाई."

"आता असंल तर दिसंल," सुवर्णा म्हणाली.

बुधवारी निकाल आला: रिकामा. शनिवारी सकाळी दहाला यंत्र काढायचं ठरलं. सुवर्णानं कागदावर सही केली. आपण धुतलेलं होतं. आता शंका घ्यायची तर कुणावर?

शुक्रवारी दुपारी ती सासूला जेवायला वाढत होती. गौराबाई ऐंशीच्या घरातली, चाळीस वर्षं मागांवर राबलेली, ठार बहिरी. तोंडानं बोलणं तिनं कधीच कमी केलं होतं. लेकाचं उद्या काय होणार हे तिला सांगून झालं होतं. ती ताटाकडं नुसती बघत बसली होती.

"डोळं उघडतोय काय त्यो?" तिनं अचानक विचारलं.

सुवर्णानं हातानं पट्टीची खूण केली.

"मग काढ की ती पट्टी. डोळं झाकल्यावर माणूस बोलंल कसा?"

सुवर्णानं मान हलवली आणि चुलीकडं वळली. भाकरी घेऊन परत फिरली तेव्हा म्हातारी तिला हाक मारत होती, नेहमीसारखी, डोळ्यांनी. दोनदा चटकन वर. मग सावकाश खाली.

उसळी, उसळी, लांब उतार.

हातातली भाकरी खाली पडली. सहा वर्षं ती रेघा बघत होती आणि वीस वर्षं डोळे, पण दोन्ही एकाच माणसाचे आहेत असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ती तशीच पिठाच्या हातांनी शेडमध्ये गेली.

गाळ उघडताना मुबारक कुरकुरत होता, पण पहिली रेघ पडद्यावर आली तशी त्यानं खुर्ची पुढं ओढली. कागद घेऊन दोघं मोजायला बसले. सुवर्णा. ये. सुवर्णा. ये. चाळीस मिनिटांच्या चाचणीत दोनशे बारा वेळा तिचं नाव. पहिल्या दोन चाचण्यांच्या गाळातही तेच.

"आवाज ऐकूच गेला न्हाई त्याला," मुबारक म्हणाला. "कशाची मूठ आवळतोय. आपलं माग चालू हायत असंच वाटत असणार त्याला. यंत्राचा ठोका तसाच पडतोय की."

सुवर्णानं कागद उलटा ठेवला. ती अकराशेचा आकडा मनातून घालवू बघत होती.

"बाकीच्यांच्या गाळात..." मुबारक म्हणाला.

"भाई, ते नको."

"न्हाई. नकोच."

डॉक्टर घाटगे तरुण बाई होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, गाळाच्या रेघा पाहिल्या. नियमाप्रमाणे डोळा म्हणजे मेंदू नव्हे, हे त्यांनी आधी सांगितलं, आणि मग स्वतःच्या हातानं मल्लूची पट्टी सोडली. लाल झालेला डोळा उघडून धरला. बुबुळ छतावर होतं. ते हळूहळू खाली आलं, सुवर्णावर थांबलं आणि बोललं. दोनदा वर. सावकाश खाली. तीनदा भराभर.

"आले की," सुवर्णा म्हणाली आणि तेच डोळ्यांनी म्हणाली, पण पाण्यानं डोळे भरले होते, त्यामुळं खूण धड झाली नाही. तरी त्याला ती कळली असावी. आडवी हालचाल त्याच्या डोळ्यांत उरली नव्हती, बाकी अंगात काहीच उरलं नव्हतं, पण तो होता. तीस दिवस अंधारात हाका मारत होता.

दाखला रद्द झाला. पण डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. "आता ते जागे आहेत, म्हणजे निर्णय त्यांचा. यंत्र चालू ठेवायचं की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. वाचणारे दोघं लागतील. उद्या दहाला?"

"विचारायचं काय त्यात," सुवर्णा हसली. लग्नानंतर इतकी मोकळी ती कधी हसली नव्हती.

शनिवारी दहाला, ज्या घटकेला यंत्र निघायचं होतं, त्याच घटकेला सगळे खाटेभोवती उभे राहिले. यंत्राचा ठोका पडत होता. सिस्टरनं पापण्या वर धरल्या. डॉक्टर कागद घेऊन बसल्या. मुबारक पायथ्याशी.

"विचारा," डॉक्टर म्हणाल्या.

सुवर्णानं यंत्राकडं बोट दाखवलं आणि डोळ्यांनी विचारलं, चालू? बंद?

मल्लूचे डोळे वर गेले. वर थांबले. यंत्राचे तीन ठोके पडले. मग ते एकदम खाली सुटले.

बंद कर.

 सुवर्णाला वाटलं, प्रश्न नीट पोचला नसावा. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा डोळे वर गेले, धरले गेले, सुटले. आणि तो तिच्याकडं बघत राहिला. ती नजर ओळखीची होती. सूत तुटलेलं असताना माग तसाच चालू राहिला की कापडाचा सत्यानाश होतो. अशा वेळी मागवाला जॉबरकडं बघतो, तशी. घाई होती तिच्यात.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

 तीस दिवस हा माणूस आत होता, हे तिनं काल सिद्ध केलं होतं. आज त्याला हातानं बाहेर घालवायचं?

"चालू ठेवा म्हणतात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं आणि मुबारककडं वळल्या. "तुम्हीही तेच वाचलंत?"

मुबारकचं तोंड उघडं पडलं होतं. त्यानं सुवर्णाकडं बघितलं. सुवर्णानं डोळे एकदा खाली नेले आणि खालीच ठेवले. मालक आला.

आयुष्यभराची सवय. मुबारकची मान आपोआप खाली गेली. "व्हय," तो म्हणाला. "चालू."

डॉक्टरांना यातलं काही दिसलं नाही. सिस्टरला दिसलं नाही. पण सिस्टरनं पापण्या अजून धरून ठेवल्या होत्या, आणि मल्लूनं बायकोनं केलेली खूण वाचली, आणि मुबारकची झुकलेली मान वाचली.

जिन्यात मुबारक थांबला. "ताई, काल आपण त्याचं बोलणं गाळातनं काढलं. आज..."

"तुम्हाला काय ऐकू आलं?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. "मला कुठलं ऐकू येतंय," तो म्हणाला. "बहिरा माणूस."

मल्लूची गोष्ट झाली म्हटल्यावर दाखल्याच्या अर्जात नवा रकाना आला: रुग्णानं मागावर काम केलं होतं का? हो असेल तर डोळ्याचा धागा राखून ठेवावा. नाही असेल तर धुवावा. शेड चालू राहिली. सुवर्णाही टेबलावर परत बसली आणि तिच्या फायलींत घाण अर्ध्या टक्क्याच्या वर कधी गेली नाही.

रोज संध्याकाळी ती इस्पितळात जाई. मल्लूच्या पापण्या चिकटपट्टीनं वर धरून आता आठ तास डोळे उघडे ठेवायची परवानगी होती. ती दिसली की तो डोळे वर नेई, धरी, सोडी. बंद कर. तिनं खिडकीतली चिमणी दाखवली, जुने फोटो दाखवले, खुणेनं नातेवाइकांची नावं घेतली. बंद कर. त्या शनिवारनंतर त्यानं तिचं नाव एकदाही घेतलं नाही.

"आज काय म्हणाले?" सिस्टर विचारी.

"पोटात दुखतंय म्हणाले. आता बरं हाय म्हणाले."

घरी म्हातारी दारातच बसलेली असे. तिला पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवावं लागे. गौराबाईला अक्षरं उशिरा आली होती, ती एकेक जुळवून वाची. 'तुम्ही जेवला का विचारत होते,' सुवर्णा लिही.

"मला न्हे."

'आत सोडत नाहीत,' सुवर्णा लिही.

"माझ्याकडं बघून सांग."

सुवर्णा पाटी पुसायला घेई.

पण म्हातारी मागवाली होती, अडलेलं काम तसंच सोडणारी नव्हती. एके दिवशी ती मुबारकच्या मागं लागली आणि त्याच्या गाडीवर मागं बसून आली. सुवर्णा आत नवऱ्याजवळ होती. काचेतून तिला लांब बोळात काठी दिसली, मग हिरवं लुगडं, मग मागं मान घालून येणारा मुबारक. इकडं मल्लूचे डोळे वर होते, धरलेले.

तिनं मलमाची नळी उचलली. दोन्ही डोळ्यांत सारखी रेघ ओढली, पापण्या खाली घेतल्या आणि पट्टी लावली. कडा बोटानं दाबून बसवल्या. एकही सुरकुती राहिली नाही. मेंडिंगचा हात होता.

"आत्ताच लावली," ती दारातून आलेल्या सासूला खुणेनं म्हणाली. "कोरडं पडत्यात."

गौराबाई खाटेपाशी आली. लेकाच्या कपाळावरून हात फिरवला. मग तिची बोटं खाली घसरली आणि पट्टीवर थांबली. मागावरचं सूत ती अशीच चाचपायची, न बघता.

"हलतंय की गं," ती म्हणाली.

बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. ओठ हलत होते, मोजत असावी. मुबारक दाराबाहेरच थांबला होता, भिंतीकडं तोंड करून.

"दोनदा वर गेलं," म्हातारी म्हणाली. "मग सावकाश खाली." तिनं मान वर करून सुनेकडं पाहिलं. "तुला हाक मारतोय त्यो."

सुवर्णानं भिंतीवर लावलेली सिस्टरची नोंदींची पाटी घेतली. हात अजिबात थरथरला नाही.

'नाही आत्याबाई,' तिनं लिहिलं. 'ते तसंच हलतं. आमच्यात त्याला घाण म्हणतात.'